घरखर्चात बचत: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या घरांकडून वारंवार येणारे प्रश्न

या पानावरचे प्रश्न सीमाभागातल्या घरांतून पुन्हा पुन्हा येणारे आहेत. काटकसरीचे सर्वसाधारण सल्ले सगळीकडे मिळतात. इथे कर्नाटकातल्या योजना, इथला पाऊस, इथल्या पेठा आणि हद्दीपलीकडचा महाराष्ट्र धरून उत्तरं दिली आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बचतीला सुरुवात कुठून करायची? सगळाच खर्च गरजेचा वाटतो.

आधी एक महिना काहीही कमी करू नका, फक्त लिहा. वहीत पाच रकाने पुरतात: वीज, गॅस, किराणा आणि धान्य, प्रवास, औषधं. बाकीचं सगळं ‘इतर’मध्ये. महिनाअखेरीस ज्या रकान्याची बेरीज मोठी, तिथेच पहिला हात घाला. बहुतेक घरांत कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस होते आणि गिझर मात्र तासभर चालू राहतो. दुकानात उधारीची वही असेल तर आठवड्यातून एकदा ती आपल्या वहीशी ताडून पाहा. महिन्याच्या शेवटी चूक सापडली तर दोघांनाही आठवत नाही.

२. गृहज्योतीत २०० युनिट फुकट म्हणतात, मग आम्हाला बिल का येतं?

गृहज्योती ही कर्नाटकची घरगुती मोफत विजेची योजना. २०० ही तिची वरची हद्द आहे. प्रत्येकाला २०० मिळत नाहीत. एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या वर्षात तुमच्या मीटरवर महिन्याला सरासरी जितके युनिट पडले, त्यावर १० टक्के धरून तुमचा वाटा ठरतो. सरासरी ९० असेल तर वाटा ९९. सरासरी ४८ च्या खाली असेल तर १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट जास्त मिळतात. त्या वर्षाची नोंदच नसलेल्या नव्या मीटरला राज्याच्या सरासरीवरून ५८ युनिट धरतात.

वाट्याच्या आत राहिलात तर बिल शून्य. वाटा ओलांडला पण २०० च्या आत असाल तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. त्यामुळे स्वतःचा आकडा माहीत नसेल तर बचत कुठे करायची तेच कळत नाही. तो बिलावर छापलेला असतो. बिल वाचण्यासाठी प्रश्न ४ पाहा.

३. २०० च्या वर दोन-चार युनिट गेले तर काय होतं?

त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं, पहिल्या युनिटापासून, वर स्थिर आकार वेगळा. इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. स्थिर आकार सोडून बाकीचे आकार आणि कर मिळून युनिटला साडेसहा रुपये धरू. समजा तुमचा वाटा १५० आहे.

वापर १९८ झाला, तर वरच्या ४८ युनिटांचे साधारण ३१२ रुपये.
वापर २०४ झाला, तर २०४ युनिटांचे साधारण १,३२६ रुपये आणि स्थिर आकार.

सहा युनिटांनी हजार रुपयांचा फरक पडला. म्हणून रीडिंग घेणारा ज्या तारखेला येतो ती तारीख आणि त्या दिवसाचं रीडिंग मीटरजवळ लिहून ठेवा. विसाव्या दिवशी आणि पंचविसाव्या दिवशी मीटर पाहा. पंचविसाव्या दिवशीच १७५ च्या पुढे गेला असाल तर उरलेल्या दिवसांत गिझर, इस्त्री आणि पाण्याचा पंप आवरा. लग्न, बारसं, गणपतीत पाहुणे असा महिना असेल तर हे आधीच धरून चाला.

४. बिल कन्नडात येतं. नेमकं काय बघायचं?

आकडे नेहमीच्या इंग्रजी अंकांतच असतात, त्यामुळे अडत नाही. पाच गोष्टी शोधा: आर. आर. नंबर (तुमच्या जोडणीचा क्रमांक), खाते क्रमांक, मागचं रीडिंग, आताचं रीडिंग आणि दोन्हींची वजाबाकी म्हणजे वापर. आताचं रीडिंग मीटरवरच्या आकड्याशी जुळवा. मीटरवरचा आकडा बिलातल्या आकड्यापेक्षा कमी दिसला, तर मीटरचा तारखेसह फोटो काढा आणि हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, विभागीय कार्यालयात बिल दुरुस्त करून घ्या. तक्रार १९१२ या क्रमांकावरही नोंदवता येते. पैसे भरून मग भांडण्यापेक्षा आधी दुरुस्ती सोपी जाते.

५. भाड्याच्या घरात राहतो, मीटर मालकाच्या नावावर आहे. गृहज्योती मिळते का?

मिळते. भाडेकरू स्वतःच्या आधारवर, त्या घराच्या खाते क्रमांकासह सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करू शकतो. भाडेकरार किंवा त्या पत्त्याचा पुरावा लागतो. दोन ठिकाणी लोक अडतात. पहिलं म्हणजे घर बदलताना जुन्या मीटरवरून आधार काढायचा राहून जातो, मग नव्या घरी अर्ज पुढे सरकत नाही. सोडतानाच जुनी जोडणी रद्द करा. दुसरं म्हणजे वाटा घराच्या मीटरच्या जुन्या सरासरीवर असतो, तुमच्या आधीच्या वापरावर नाही. चार माणसांचं कुटुंब घेऊन आधी एकटा माणूस राहत असलेल्या खोलीत गेलात, तर वाटा लहानच असणार. भाडं ठरवायच्या आधी त्या घराचं एक बिल मागून पाहा.

एकाच मीटरवर पुढे दुकान आणि मागे घर असेल आणि जोडणी व्यापारी असेल, तर ही योजना लागू नाही.

६. घरात वीज सगळ्यात जास्त कशाला जाते?

पाणी तापवायला. घरातलं दुसरं कुठलंही नेहमीचं यंत्र इतकं खात नाही. चौघांच्या आंघोळीला मिळून ७० लिटर पाणी धरा. ते २२ अंशांवरून ४० पर्यंत नेण्यास रोज साधारण दीड युनिट, म्हणजे महिन्याला ४५ युनिट जातात. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत पाणी आणखी गार असतं, तेव्हा त्याहून जास्त. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट झालं.

करण्यासारखं: गिझरच्या तापमानाची कळ ६० ऐवजी ४५-५० अंशांवर ठेवा, आंघोळीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लावा, सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरका. खेड्यात बंब असेल आणि जळण स्वतःच्या शेतातलं असेल, तर हिवाळ्यात बंबच वापरा. गच्चीवर ऊन पडत असेल तर सौर बंब हा या यादीतला सगळ्यात फायद्याचा खर्च आहे, फक्त आषाढ-श्रावणात त्याच्यावर विसंबता येत नाही.

त्याखालोखाल पंखे. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यावर महिन्याला १६ युनिट वाचतात. पण बेळगाव-खानापुरात हिवाळ्यात आणि भर पावसाळ्यात पंखा फारसा लागत नाही, म्हणून सगळे पंखे एकदम बदलू नका. जो खोलीत सगळ्यात जास्त तास फिरतो तो एक बदला.

सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज घेत राहतो. दहा वॅट जरी धरले तरी महिन्याला सात युनिट होतात; भिंतीवरचं बटण बंद करा. एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो, टाकी वाहून जाऊ लागली की वीज आणि पाणी दोन्ही वाया. फ्रिजच्या दाराचं रबर ढिलं झालंय का ते कागदाने कळतं: दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदला.

७. सिलिंडर महिनाभरही पुरत नाही. चूक कुठे होते?

आधी सिलिंडर भरलेला आला होता का ते पाहा. वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. समजा १५.३ किलो लिहिलंय, तर भरलेला २९.५ किलो भरला पाहिजे, कारण आत १४.२ किलो गॅस असतो. घरपोच देणाऱ्याकडे काटा असायला हवा. मागा आणि समोर वजन करून घ्या. त्याच पट्टीवर ‘सी २७’ असं काही लिहिलेलं दिसेल. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सी २७ म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत चाचणीची मुदत आहे. मुदत संपलेला घेऊ नका.

मग शेगडी. ज्योत निळी हवी. पिवळी असेल, भांड्याचं बूड काळं होत असेल, तर बर्नरची भोकं चोंदली आहेत. बर्नर गार झाल्यावर काढून जाड सुईने भोकं मोकळी करा, धुऊन पूर्ण वाळवून मग बसवा. ओला बर्नर बसवला तर पुन्हा पिवळी ज्योत येते आणि लोकांना वाटतं शेगडीच बिघडली.

तिसरं, स्वयंपाकाची सवय. कुकरची शिट्टी एकदा झाली की ज्योत बारीक करा. आतलं तापमान त्यापुढे वाढत नाही, वाढवलेला गॅस फक्त वाफेत जातो. तूरडाळ अर्धा तास, हरभरा आणि वाटाणा रात्रभर भिजवा. भांड्याच्या बाहेर ज्योत येत असेल तर ती भिंत तापवते. भाकऱ्या दोन खेपांत करण्याऐवजी एकदम करा, तवा तापवायचा गॅस वाचतो. चहा दिवसातून पाच वेळा होत असेल तर थर्मासमध्ये भरून ठेवा.

गॅसचा वास येत असेल तर बचतीचा विचार सोडा. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेचं बटण चालूही करायचं नाही, बंदही नाही, आणि १९०६ ला फोन. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायचीच.

८. इंडक्शन घेतला तर गॅस वाचेल ना?

गॅस वाचेल, पैसे वाचतीलच असं नाही. एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला साधारण १२५ ते १४० युनिट लागतात. साडेसहा रुपयांनी ते ८१० ते ९१० रुपये होतात, म्हणजे सिलिंडरच्या जवळपासच. फायदा फक्त एका स्थितीत आहे: गृहज्योतीचा वाटा दर महिन्याला पूर्ण वापरला जात नसेल तर. वाटा १२० आणि वापर ८० असेल, तर उरलेले ४० युनिट इंडक्शनवर चहा, दूध, भात करायला फुकट मिळाल्यासारखेच आहेत. उलट तुम्ही आधीच १७०-१८० वर असाल, तर इंडक्शन तुम्हाला २०० च्या पलीकडे ढकलेल आणि प्रश्न ३ मधला हजाराचा फटका बसेल.

९. वर्षाचं धान्य एकदम भरणं परवडतं का? कधी आणि कुठे घ्यावं?

घरात कोरडी जागा असेल तर परवडतं. खानापूरच्या पश्चिमेला, जिथे जून ते सप्टेंबर भिंती ओल्या राहतात, तिथे सहा महिन्यांपेक्षा जास्त भरू नका. नासलेलं एक पोतं वर्षाची बचत घालवतं.

वेळ पिकावर ठरते. भात दिवाळीनंतर ते जानेवारी, तूर जानेवारी-फेब्रुवारी, शाळू फेब्रुवारी-मार्च, गहू मार्च-एप्रिल. मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, साधारण दोनास एक. शाळू अथणी-विजापूरकडचा, तांदूळ खानापूर-चंदगडकडचा, ज्या बाजूचं पीक त्या बाजूच्या बाजारात स्वस्त पडतं. बेळगावात रविवार पेठेतल्या ठोक दुकानांत दोन-तीन घरांनी मिळून पोतं घेतलं तर भावात फरक पडतो.

किती घ्यायचं ते भाकऱ्यांवरून काढा. एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ धरलं आणि रोज आठ भाकऱ्या होत असतील, तर महिन्याला सुमारे २२ किलो ज्वारी.

भाव ऐकून ठरवू नका, चाळून ठरवा. नमुना म्हणून एक किलो घ्या, चाळा, खडे, माती, फोल, तुकडा बाजूला काढून त्याचं वजन करा. ४० ग्रॅम निघालं तर ४५ रुपयांची ज्वारी तुम्हाला जवळजवळ ४७ ला पडली. शेजारच्या दुकानातली ४६ ची स्वच्छ ज्वारी मग स्वस्त ठरते. आणि पोत्यानिशी वजन झालं तर बारदानाचं वजन वजा करून घ्या. तागाचं पोतं अर्ध्या किलोच्या वरच भरतं.

१०. साठवलेल्या धान्याला कीड लागते. काय चुकतं?

बहुतेक वेळा धान्य पुरतं वाळलेलं नसतं. दाणा दाताखाली धरा: कडकन तुटला तर वाळला, चेपला तर अजून ऊन हवं. ज्वारी-गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला. मग लगेच भरू नका. गरम धान्य डब्यात बंद केलं की आत घाम धरतं आणि त्याच ओलीवर सोंडे वाढतात. रात्रभर सावलीत गार होऊ द्या, सकाळी भरा. डबा काठोकाठ भरा, आत हवा कमी राहिली तर कीड कमी. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरात घाला. डबे भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळी घाला.

तांदूळ उन्हात घालू नका, दाण्याला चीर जाते आणि शिजताना तुकडा होतो. जमत असेल तर भात साळीच्या रूपात ठेवा आणि लागेल तसा गिरणीवरून काढा. तूरडाळीला किलोला एक छोटा चमचा एरंडेल चोळून ठेवतात. पीठ कधीच साठवू नका, पावसाळ्यात ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांत कडवट लागतं.

सेल्फॉससारख्या किडीच्या विषारी गोळ्या घरातल्या धान्यात टाकू नका. त्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो, आणि त्यावर उतारा नाही. माणसं झोपतात त्या खोलीत तर ती पुडी आणूही नये.

११. तेल लिटरवर घ्यावं की किलोवर? मोठा डबा खरंच स्वस्त का?

एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं. म्हणून १५ किलोचा डबा म्हणजे साडेसोळा लिटर, आणि १५ लिटरचा डबा म्हणजे फक्त १३.६५ किलो. दोन डबे दिसायला सारखे, आत सव्वा किलोहून जास्त फरक. पिशव्यांतही काही ८५० ग्रॅमच्या, काही ८०० ग्रॅमच्या येतात. एमआरपीच्या जवळ ‘प्रति ग्रॅम’ किंवा ‘प्रति मिलि’ किंमत छापलेली असते, तीच ताडून पाहा. साबण, बिस्किटं, चहा, सगळ्याला हीच रीत.

साबण, शांपू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ वर आला. किमतीत त्याचा फरक दिसतो का, की वजनच बदललंय, तेही बघून घ्या.

१२. पाण्याचं बिल वाढलंय, गळती दिसत नाही.

रात्री झोपताना सगळे नळ बंद करून पाणी मीटरचा आकडा लिहा, सकाळी कोणी नळ सोडायच्या आधी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल तर गळती आहे. बहुतेकदा ती फ्लशच्या टाकीत असते. टाकीत थोडी नीळ टाका, वीस मिनिटं फ्लश वापरू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतलं रबर गेलं, ते वीस-पन्नास रुपयांत बदलतं.

१३. शक्ती योजनेत बायकांना कोल्हापूरला फुकट जाता येतं का?

नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्याच्या आतल्या साध्या सरकारी गाड्यांत तिकिटाचे पैसे पडत नाहीत. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. राजहंस, एसी, स्लीपर यांत नाही. आंतरराज्य गाडीतही सवलत धरून चालू नका. घाई नसेल आणि सामान हलकं असेल, तर बेळगावहून निपाणीपर्यंतचीच गाडी धरा आणि तिथून पुढे एसटी. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं भाडं आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीतल्या प्रवासापुरतं.

१४. पेट्रोल हद्दीपलीकडे स्वस्त असेल तर तिकडे जाऊन भरावं का?

दर राज्याच्या करामुळे वेगळे असतात. पण खास त्यासाठी जाऊ नका. लिटरला तीन रुपये फरक आणि टाकीत पाच लिटर, म्हणजे वाचले १५ रुपये. जाऊन-येऊन १५ किलोमीटर पडले आणि गाडी ४५ चा ॲव्हरेज देत असेल, तर एक तृतीयांश लिटर म्हणजे तीसच्या वर रुपये जळाले. तिकडे काम असेल तेव्हा भरा. टायरची हवा महिन्यातून दोनदा पाहिली तरी यापेक्षा जास्त वाचतं.

१५. बीपी-शुगरच्या गोळ्यांचा खर्च कमी होईल का?

जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि गोळी साधी आहे की हळूहळू विरघळणारी, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि साखर वर-खाली होते. फिट्स, थायरॉईड आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

इस्पितळात भरती व्हायचं असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक पाहा. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, इतरांना ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के मदत, बाकीचे स्वतः भरायचे. तातडीचा प्रसंग सोडून सरकारी इस्पितळाची चिठ्ठी आधी लागते. ती न घेता परस्पर खासगीत गेलेल्यांना पूर्ण पैसे भरावे लागतात.

१६. वाचलेले पैसे पतसंस्थेत ठेवू का? व्याज जास्त आहे.

बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकही त्यात आली, प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांना ते नाही, पाटीवर ‘सहकारी’ लिहिलेलं असलं तरी. घरातला आजारपणाचा आणि मुलीच्या फीचा पैसा म्हणून बँकेत किंवा पोस्टात ठेवा. भिशीचंही तसंच: ओळखीच्या दहा-बारा जणांत लहान रकमेची ठीक, पण नंबर आधी उचलण्यासाठी किती रक्कम सोडावी लागते ते लिहून पाहा. दहा हजारांच्या भिशीत पंधराशे सोडून साडेआठ हजार हातात घेतले आणि उरलेले हप्ते मात्र पूर्ण भरले, तर ते पंधराशे म्हणजे तुम्ही दिलेलं व्याजच आहे. त्याच पैशाला सोनेतारण कर्जावर किती व्याज पडलं असतं ते बँकेत विचारून मग बोली लावा.